अनुभवातून घडलेले आराखडे

एकाच बाजूला खिडक्या असलेल्या खोलीत कोणी खिडकीकडे पाठ करून बसला, की त्याचा चेहरा काळवंडलेला दिसतो. उजेड दोन बाजूंनी येत असेल, तर तोच चेहरा स्वच्छ दिसतो आणि संभाषणही मोकळे होते. ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुविशारदाने आपल्या सहकाऱ्यांसह १९७७ साली 'अ पॅटर्न लँग्वेज' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात ही गोष्ट नोंदविलेली आहे. घरे व नगरे बांधताना वारंवार उद्भवणाऱ्या अडचणी आणि त्यांवरील उपाय यांच्या अशा २५३ नोंदी त्या ग्रंथात आहेत.

गंमत अशी, की या विचाराचा मोठा लाभ संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी उठविला. केंट बेक व वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८७ साली असे पाच आराखडे मांडले. तेही खिडक्यांविषयीच होते. मात्र त्या खिडक्या संगणकाच्या पडद्यावरच्या!

मोठा प्रोग्रॅम अनेक लहान घटकांचा बनविता येतो. या घटकांना ऑब्जेक्ट म्हणतात. प्रत्येक ऑब्जेक्ट आपली माहिती आपल्यापाशी राखतो आणि इतरांशी केवळ निरोपांनी व्यवहार करतो. एवढे समजणे सोपे आहे. कोणते काम कोणाकडे सोपवावे हे ठरविणे मात्र कठीण. नवशिक्या अडखळतो तो तेथेच.

क्रिकेटच्या सामन्याचे उदाहरण घेऊ. धावांचा हिशेब एक ऑब्जेक्ट ठेवतो. तो मैदानावरील फलकावर, दूरदर्शनच्या पडद्यावर आणि लोकांच्या मोबाइलवर दिसावयाचा आहे. हिशेबनीसाला या तिघांची नावे व रीती पढवून ठेवल्या, तर चौथा ग्राहक येताच त्याची घडी पुन्हा मोडावी लागेल. आणि त्या खटपटीत हात चुकला, तर चालू असलेले तिन्ही फलक बंद पडतील. म्हणून हिशेबनीसाने वर्गणीदारांची एक यादी तेवढी ठेवावी. धाव निघाली, की यादीतील प्रत्येकास 'बदल झाला' असा एकच निरोप धाडावा. पुढे काय करावयाचे, ते ज्याचे त्याने पाहावे. या आराखड्यास 'ऑब्झर्व्हर', म्हणजे निरीक्षक, असे नाव आहे. यातही एक खोच आहे. काम संपलेल्या वर्गणीदाराचे नाव यादीतून काढले नाही, तर तो निष्कारण संगणकाची स्मृती अडवून बसतो.

एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्हिलिसिडीस या चौघांनी असे २३ आराखडे १९९४ साली ग्रंथरूपाने एकत्र केले. ते त्यांनी कल्पनेने रचले नव्हते. प्रत्यक्ष चालणाऱ्या प्रोग्रॅमांतून निवडून काढले होते. प्रत्येक आराखड्याच्या लाभाबरोबर त्याची किंमतही त्यांनी सांगितली आहे. तो भाग विद्यार्थी बहुधा वाचत नाहीत आणि दहा ओळींच्या प्रोग्रॅमात तीन-तीन आराखडे कोंबतात! कोणती अडचण आली असता तो सुचला, हे आधी पाहिले तरच आराखडा उमगतो.

ग्रंथकारांनीही आपली यादी अटळ मानली नाही. 'सिंगलटन' या आराखड्यात एका प्रकारचा एकच ऑब्जेक्ट साऱ्या प्रोग्रॅमात असतो. त्याच्यावर सगळेच विसंबतात, आणि मग एखादा भाग सुटा करून तपासणे अवघड होते. यादी आज नव्याने करावयाची झाल्यास सिंगलटन वगळावा, असे मत गामा यांनी २००९ साली दिले.