जुनें घड्याळ आणि मोघम शब्द

‘पाण्यांत म्हैस आणि बाहेर मोल’ ही म्हण आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. म्हैस डुंबत आहे, वर दिसतात तीं केवळ शिंगें, आणि काठावर उभें राहून तिची किंमत ठरत आहे, अशा व्यवहाराला आपण हंसतों. परंतु जुनें मनगटी घड्याळ खरेदी करतांना एरव्हींची चोखंदळ माणसेंही नेमका हाच व्यवहार करतात. घड्याळाचें खरें मोल ज्या यंत्रांत आहे तें झांकणाखालीं बंद असतें, आणि विक्रेता सांगतो तें एवढेंच कीं, ‘माल उत्तम स्थितींत आहे.’ ह्या उत्तम स्थितीचा अर्थ काय आणि तो विक्रेत्याकडून कसा काढून घ्यावा, ह्याचा आज थोडा विचार करूं.

केवळ वेळ पाहावयाची असेल तर बॅटरीवर चालणारें साधें घड्याळ अधिक अचूक आणि स्वस्त. तरीही किल्लीच्या घड्याळाची माया कांहीं निराळीच. एच्. एम्. टी. ह्या सरकारी कारखान्यानें जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानें १९६१ सालीं बंगळूर येथें घड्याळें तयार करण्यास आरंभ केला, आणि त्याचें ‘जनता’ घड्याळ पुढें मध्यमवर्गाच्या मनगटावर दिसूं लागलें. २०१६ सालीं ही घड्याळ-कंपनी बंद करण्यास केंद्र सरकारनें मान्यता दिली. स्वित्झर्लंडच्या फेवर-ल्यूबा घराण्याचा मुंबईशीं संबंध तर १८६५ पासूनचा. अशा घड्याळांवर वडिलांची, आजोबांची आठवण जडलेली असते. आठवणीनें भारलेलें गिऱ्हाईक प्रश्न कमी विचारतें, हें विक्रेत्याला पक्कें ठाऊक असतें.

आतां हे शब्द एकेक करून पाहूं. पहिला शब्द ‘चालू’. घड्याळ हातांत घेऊन हालविलें कीं बहुतेक बिघडलेलें घड्याळही चार मिनिटें टिकटिक करतें. तेव्हां ‘चालू आहे कां?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘पूर्ण किल्ली दिल्यावर किती तास चालतें, आणि दिवसाकाठीं किती सेकंद पुढें अथवा मागें पडतें?’ असें विचारावें. निरोगी घड्याळ एका किल्लीवर सामान्यतः दीड दिवस चालावें. जुन्या घड्याळांपैकीं पुष्कळांचें बॅलन्स-चाक तासाला १८,००० ठोके देतें, म्हणजे सेकंदाला ५. हे ठोके ऐकून घड्याळाची चाल दाखविणारें टाइमग्राफर नांवाचें यंत्र जाणत्या घड्याळजीपाशीं असतें. त्यावर चाकाचा झोकाही अंशांत कळतो. पूर्ण किल्ली देऊन तबकडी वर करून ठेवलें असतां तो साधारण २५० ते ३०० अंशांच्या दरम्यान असावा; २०० च्या खालीं गेल्यास यंत्र थकलेलें आहे असें समजावें. हा आंकडा सांगणाऱ्या विक्रेत्याला मोघम बोलण्याची गरज उरत नाहीं.

दुसरा शब्द ‘तेलपाणी केलेलें’. खऱ्या तेलपाण्यांत यंत्राचा प्रत्येक भाग सुटा करून धुतला जातो, झिजलेला भाग बदलतात, आणि मग ठराविक जागीं सुईच्या टोकाएवढें तेल देऊन यंत्र पुन्हां जुळवितात. याउलट, झांकण उघडून वरून एक थेंब सोडणें ह्यालाही बाजारांत तेलपाणीच म्हणतात. जुनें तेल सुकून चिकट होतें, त्यांत धूळ बसते, आणि मग चाकांच्या बारीक टोकांवर त्याचा परिणाम कानशीसारखा होतो. म्हणून काम केव्हां केलें, कोणी केलें, कोणता भाग बदलला, हें विचारावें आणि त्याची पावती मागावी. पूर्वीचे घड्याळजी झांकणाच्या आंतल्या बाजूस बारीक अक्षरांत खूण वा तारीख कोरून ठेवीत. ती सांपडल्यास पुष्कळ कांहीं सांगून जाते.

तिसरा शब्द ‘अस्सल’. येथें फसवणूक सर्वांत अधिक. मुंबईंत जुन्या तबकड्या खरवडून, नव्यानें रंगवून, त्यांवर नांव छापण्याचा उद्योग इतका बोकाळला कीं, परदेशांतील शौकीन अशा मालाला मुंबईच्याच नांवानें ओळखूं लागले. भडक निळी, शेंदरी वा दुरंगी तबकडी पाहून मन भुलतें. परंतु तो रंग मूळ कारखान्यानें कधीं काढलाच नसेल, असा संभव असतो. भिंग घेऊन पाहावें. अक्षरांच्या कडा फुगलेल्या आहेत काय? मिनिटांच्या रेघा आंकड्यांशीं जुळतात काय? सहाच्या आंकड्याखालीं असणारी ‘स्विस मेड’ हीं अक्षरें अर्धवट कापलीं गेलीं आहेत काय? शिवाय झांकण उघडून घेऊन, तबकडीवरचें नांव आणि यंत्रावरचें नांव एकच आहे काय, हेंही पाहावें. कारण एकाचें यंत्र, दुसऱ्याची तबकडी आणि तिसऱ्याची केस असा संसारही जुळविलेला असतो.

तबकडी रंगविणें हा कांहीं गुन्हा नव्हे. गंजलेली तबकडी रंगवून वापरण्यांत गैर तें काय? गैर आहे तें न सांगणें. मात्र आपल्या घरचें घड्याळ रंगवावयास देण्यापूर्वीं दोनदां विचार करावा. डागाळलेली मूळ तबकडी एकदां खरवडली कीं तिच्यासह त्या घड्याळाचा इतिहासही गेला. तो कोणत्याही किंमतीला परत मिळत नाहीं.

चौथा शब्दप्रयोग ‘वयाच्या मानानें छान’. ह्याच्या पोटांत झिजलेला मुलामा, उगाळलेल्या कडा आणि चरे हें सर्व सुखानें नांदतें. केसवर ‘२० मायक्रॉन’ असें कोरलेलें असेल तर सोन्याच्या मुलाम्याची जाडी मिलिमीटरचा पन्नासावा भाग, इतकाच त्याचा अर्थ. पट्टा जेथें अडकतो तीं टोकें आणि किल्लीचें बोंड पाहावें. पितळ प्रथम तेथें उघडें पडतें. ‘वॉटरप्रूफ’ ह्या शब्दावर तर मुळींच विसंबूं नये. आंतलें रबर वर्षानुवर्षांत कडक होऊन तडकतें. मग त्या अक्षरांना अर्थ राहत नाहीं.

एक गोष्ट जिवाशीं गांठ घालणारी आहे. १९६० च्या सुमारापर्यंत अंधारांत चमकणाऱ्या पुष्कळ तबकड्यांवर रेडियमचा रंग लावीत. हा रंग आतां चमकत नाहीं, म्हणून तो निरुपद्रवी झाला असें समजूं नये. चमकणारा पदार्थ जळून गेलेला असतो. रेडियमचें तेज निम्म्यावर येण्यास मात्र सुमारें १,६०० वर्षें लागतात. असें घड्याळ घरीं उघडूं नये, तबकडी खरवडूं नये, मुलांच्या हातीं खेळावयास देऊं नये.

ह्या मोघमपणाला कायद्याचीही एक बाजू आहे. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याचें १५ वें कलम म्हणतें कीं, वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशीं जुळला पाहिजे. पण वर्णन जर ‘छान’, ‘उत्तम’ एवढेंच असेल, तर माल जुळवावयाचा कशाशीं? शिवाय १६ व्या कलमाप्रमाणें, आपण माल तपासून घेतला असेल तर तपासणींत सहज दिसावयास हवा होता अशा दोषाविषयीं मागाहून तक्रार सहसा टिकत नाहीं. म्हणजे मोघम शब्द हें विक्रेत्याचें चिलखत आहे. तें उतरविण्याचा उपाय एकच: प्रत्येक विशेषणाचा प्रश्न करावा, आणि उत्तर बिलावर लिहून घ्यावें. ‘तबकडी मूळची’, ‘अमुक महिन्यांत पूर्ण साफ केलें’, ‘इतक्या दिवसांत परत घेऊं’, अशा तीन ओळी पुरेत. हल्लीं खरेदी छायाचित्रांवरूनच होते. तेव्हां झांकण उघडलेल्या यंत्राचें आणि तबकडीचें जवळून घेतलेलें चित्र आधीं मागवावें. देण्यास टाळाटाळ झाली तर तेंच उत्तर समजावें.

ह्या धंद्यांत सचोटीचीं माणसें आहेत, हें विसरूं नये. परंतु जो विक्रेता ‘तबकडी रंगविलेली आहे’ असें आपण होऊन सांगतो, त्याचा माल आपण नाकारतों. आणि जो गप्प राहतो त्याला पुरी किंमत मोजतों. झांकली मूठ सव्वा लाखाची ठरते, ती अशी आपल्याच हातानें. ‘मला ठाऊक नाहीं’ हेंही एक प्रामाणिक उत्तर आहे. त्याप्रमाणें दुरुस्तीचा खर्च वजा करून किंमत ठरवावी आणि खुशाल घ्यावें. दोष सांगणाऱ्याकडून दोषासह घेतलेलें घड्याळ मनाला खात नाहीं, आणि अशा गिऱ्हाइकांमुळेंच खरें बोलणारा दुकानदार बाजारांत टिकून राहतो.