चोराची किल्ली, मालकाचे कुलूप

पायरसी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर फुकट्यांची रांग उभी राहते. माझ्याही राहत असे. परंतु पैसे मोजून विकत घेतलेला एक जुना व्हिडिओ गेम नव्या संगणकावर सुरू होईना, तेव्हा मला थोडा वेगळा विचार करावा लागला. तबकडी अस्सल, डब्यावरची किमतीची चिठ्ठीसुद्धा शाबूत. पण संगणक दाद देईना.

शोध घेतल्यावर कारण कळले. २००० च्या आसपास पुष्कळ गेमांच्या तबकड्यांना ‘सेफडिस्क’ नावाचे कुलूप असे. तबकडीवर मुद्दाम काही सदोष जागा ठेवलेल्या असत. साध्या नकलेत त्या उतरत नसत. गेम सुरू होण्यापूर्वी त्या जागा आहेत की नाहीत हे तपासले जाई. ही तपासणी विंडोजमधील एका लहानशा ड्रायव्हरच्या भरवशावर चाले. पुढे तो ड्रायव्हरच संगणकाच्या सुरक्षिततेला धोकादायक ठरला आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याला जागा दिली नाही. कुलूप राहिले, किल्ली गेली!

अशा वेळी उपयोगी पडतो तो ‘नो-सीडी क्रॅक’. गेम सुरू करणाऱ्या मूळ फाईलमधून तपासणीचा टप्पा वगळला की ही फाईल तयार होते. ती केली नकला वाटणाऱ्यांनी, त्यांच्या सोयीसाठी; त्यांचे उपकार मानावेत असे मी म्हणत नाही. पण खऱ्या ग्राहकाची तबकडी तिच्यामुळे रोजच्या वापरात झिजत नाही, आणि तबकडीची खाच नसलेल्या लॅपटॉपवरही गेम चालतो.

गंमत अशी की, खुद्द कंपनीलाही हीच वाट धरावी लागली. २००८ साली युबिसॉफ्टच्या ‘रेनबो सिक्स : व्हेगास २’ या गेमची सुधारित आवृत्ती तबकडी मागू लागली. ज्यांनी तो इंटरनेटवरून विकत घेतला होता, त्यांनी तबकडी आणावी कोठून? कंपनीने त्यांना एक फाईल दिली. ती ‘रीलोडेड’ या क्रॅक करणाऱ्या टोळीचीच निघाली!

याच कंपनीचा २०१४ चा ‘द क्रू’ हा गेम तर ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद होताच विकत घेणाऱ्यांच्याही हातून गेला. चाहत्यांनी सर्व्हरची नक्कल करणारा प्रोग्रॅम लिहून २०२५ मध्ये तो पुन्हा चालता केला.

कायद्याचे काय, असे वाचक विचारतील. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेले कलम ६५ अ असे कुलूप तोडणे गुन्हा ठरवते, पण ते हक्कभंगाच्या हेतूने तोडले असेल तर. हेतूचा हा उल्लेख मला महत्त्वाचा वाटतो. दुसरा धोका अधिक रोजचा : क्रॅकच्या नावाखाली व्हायरस सर्रास गळ्यात मारले जातात.

२००८ पासून ‘गॉग’ हे पोलंडमधील दुकान जुने गेम कुलूप काढूनच विकते. क्रॅकच्या नादी लागण्यापूर्वी मी तेथे माझा गेम शोधला होता. पुन्हा पैसे मोजायचीही तयारी होती. तो तेथे नव्हता.