लेबल आहे, पण कोणत्या मालाचे?

तापीकाठचे बुऱ्हाणपूर यंत्रमागांसाठी ओळखले जाते आणि इंदूर-इच्छापूर महामार्ग तेथूनच जातो. कापड रंगविण्याच्या धंद्यात सोडियम हायड्रोसल्फाइट, म्हणजेच ‘हायड्रो’, वापरले जाते. या पांढऱ्या भुकटीला ओल लागली की ती आपोआप तापते, पेटू शकते आणि सल्फर डायऑक्साइड हा गुदमरविणारा वायू सोडते. म्हणून तिच्या ड्रमवर वर्ग ४.२ चे लेबल लागते: टोकावर उभा चौकोन, वरचा अर्धा भाग पांढरा, खालचा लाल; सोबत यूएन १३८४ हा क्रमांक. आंतरराष्ट्रीय नियमांत लेबलची बाजू साधारणपणे १०० मिलिमीटर असते.

लेबल दिसले की तपासणी संपली, असे मानणे घातक आहे. ते फिकटले किंवा दोरीखाली झाकले गेले आहे का, क्रमांक कागदपत्रांशी जुळतो का, हेही पाहावे लागते. सर्वांत फसवे ठरते ते पुन्हा वापरलेल्या ड्रमवरचे जुने लेबल. आत हायड्रो आणि बाहेर कॉस्टिक सोड्याचे वर्ग ८ चे चिन्ह असेल, तर मदतीस धावलेला माणूस थोडेसे पाणी ओतून आगीलाच निमंत्रण देईल. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार चालकाजवळ मालाची लेखी माहिती असणे बंधनकारक आहे. ड्रमवरचे लेबल प्रथम तिच्याशीच ताडून पाहावे.