किड ब्रदर, द

किड ब्रदर, द : (१९२७). अमेरिकन विनोदी मूकपट. प्रमुख भूमिका हॅरल्ड लॉइड (१८९३–१९७१) याची. दिग्दर्शनाचे श्रेय टेड वाइल्ड यास असून छायालेखन वॉल्टर लुंडिन याचे आहे. शेरीफ, त्याचा बिल्ला, पिस्तूल, संतप्त गावकरी ही वेस्टर्न चित्रपटांतील परिचित सामग्री घेऊन एका सौम्य वृत्तीच्या तरुणाच्या धैर्याची कसोटी येथे रंगविली आहे. हेन्‍री किंगच्या टॉलेबल डेव्हिड (१९२१) या गंभीर मूकपटाचा कथेवरील प्रभाव स्पष्ट आहे.

हिकरीव्हिलचा शेरीफ जिम हिकरी व त्याचे दोन थोरले मुलगे बलदंड आहेत. धाकटा हॅरल्ड मात्र अंगाने किरकोळ असल्याने धुणी-भांडी त्याच्या वाट्यास येतात. तो लोणी घुसळण्याच्या यंत्रात कपडे धुतो व पतंगाच्या साहाय्याने ते वाळत घालतो. वडिलांचा बिल्ला लावून तो मिरवीत असताना औषधे विकणारी फिरती खेळमंडळी त्यालाच शेरीफ समजतात. त्या खेळातील मेरी (जोबायना रॅल्स्टन) हिच्यावर त्याचे प्रेम जडते. पुढे धरणासाठी गावकऱ्यांनी जमविलेली रक्कम चोरीस जाते आणि आळ जिमवर येतो. वडिलांनी दुबळा ठरविलेला हॅरल्डच अखेर एका ओसाड जहाजावर चोराला गाठतो आणि वेळीच परतून वडिलांची सुटका करतो.

मेरीचा निरोप घेण्याचा प्रसंग विशेष प्रसिद्ध आहे. ती टेकडी उतरून दिसेनाशी होऊ लागताच हॅरल्ड झाडावर चढतो. ती आणखी दूर जाताच आणखी वर चढतो. त्याच्याबरोबर कॅमेराही वर सरकत जातो. विनोद आणि हुरहूर यांचा असा मेळ लॉइडच्या अन्य चित्रपटांत क्वचितच आढळतो.

जहाजावरील झुंज याउलट भीतिदायक आहे. हॅरल्ड तेथे एकाएकी बलवान होत नाही. त्याचे बूट घातलेले माकड जहाजभर फिरून चोराला चकविते; पोहता न येणाऱ्या त्या दांडग्याला हॅरल्ड जीवरक्षक कड्यांत जखडतो आणि त्याच्यावरच बसून किनारा गाठतो. घरकामात दिसलेली कल्पकताच येथे शस्त्र ठरते. धैर्य म्हणजे भीतीचा अभाव नव्हे, तर भीती असतानाही मागे न हटणे होय, हा चित्रपटाचा आशय यातून उपदेशावाचून व्यक्त होतो.

१९१९ मधील स्फोटाच्या अपघातात लॉइडने उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी गमावली होती. त्यानंतरच्या चित्रपटांत तो खास हातमोजा घालून काम करीत असे. हे लक्षात घेता त्याच्या शारीरिक अभिनयाचे मोल अधिकच जाणवते. सेफ्टी लास्ट (१९२३) मधील उंच इमारतीवरील चढाईमुळे त्याचे नाव प्रामुख्याने थरारक विनोदाशी जोडले जाते. तथापि व्यक्तिचित्रण व कथेची एकसंधता या दृष्टींनी द किड ब्रदर त्याच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटांत गणला जातो.