आगबोटीने गेलेली बुळकांडी

१८८७ साल. लाल समुद्राकाठचे मसावा बंदर इटलीच्या ताब्यात येऊन दोन वर्षे झाली होती आणि तिथून इथिओपियाच्या पठारावर चाल करून जाण्याची तयारी चालली होती. फौजेला खायला मांस हवे होते, ओझी वाहायला बैल हवे होते. ही गुरे आगबोटींतून आणली गेली. बहुतेक इतिहासकारांच्या मते हिंदुस्थानातून. त्यांच्याबरोबर बुळकांडी हा गुरांचा रोगही धक्क्यावर उतरला. पुढच्या दहा वर्षांत हा रोग आफ्रिकेच्या पार दक्षिण टोकापर्यंत गेला आणि जाता जाता त्याने एका खंडाची शेती, सत्ता आणि जंगलेसुद्धा बदलून टाकली.

खंडांमधल्या देवाणघेवाणीचा विषय निघाला की आपण मिरची, मका, बटाटा, फार तर देवीच्या साथीबद्दल बोलतो. बुळकांडीचे नाव त्यात क्वचितच येते. माझ्या मते ते पहिल्या ओळीत यायला हवे, कारण रोग समुद्र कसा ओलांडतो हे तिच्याइतके स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

शास्त्रीय पुस्तकांत ‘रिंडरपेस्ट’ या नावाने नोंदलेल्या या रोगाचा विषाणू गोवराच्या विषाणूचा सख्खा नातलग आहे. दोघांचा पूर्वज एकच, आणि माणसाचा गोवर गुरांकडूनच आला असे जनुकीय अभ्यास सांगतात. लागण झालेले जनावर सुरुवातीचे काही दिवस, कधी आठवडा-दोन आठवडे, अगदी निरोगी दिसते. मग सणकून ताप भरतो, रवंथ थांबते, डोळ्या-नाकातून पाणी वाहते, हिरड्यांवर आणि जिभेखाली कोंडा शिंपडल्यासारखे चट्टे उठून त्यांचे व्रण होतात. त्यानंतर दुर्गंधीची पातळ हगवण लागते. आठवडा-दीड आठवड्यात जनावर कोसळते. जे वाचते त्याला हा रोग जन्मात पुन्हा होत नाही.

विषाणूची कमजोरीही इथेच आहे. शरीराबाहेर, उन्हात, तो फार टिकत नाही. त्याला एका आजारी जनावराकडून दुसऱ्या निरोगी जनावराकडे अशी अखंड साखळी लागते. शिडाच्या जहाजावर ही साखळी बहुधा तुटत असे. लांबलेल्या प्रवासात मरायची ती गुरे मरून जात आणि उरलेली बरी होऊन उतरत. वाफेच्या इंजिनाने हे गणित बदलले. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर लाल समुद्रात आगबोटींची वर्दळ वाढली आणि आपल्या किनाऱ्यावरून तिकडे पोहोचायला मोजके दिवस लागू लागले. रोग अंगात लपलेला असतानाच जनावर दुसऱ्या खंडावर पाय ठेवू शकत होते. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या बुळकांडीच्या सहवासात राहिलेल्या आपल्या अनेक गावठी गुरांना ती तुलनेने सौम्य होई. पाहणाऱ्याला संशय यावा असे काही त्यांच्यात नसे.

सहाराच्या दक्षिणेकडील गुरांनी हा विषाणू कधी पाहिलेलाच नव्हता. काही भागांत दहातली नऊ गुरे गेली. इथिओपियात नांगराला बैल उरले नाहीत, त्यात पाऊस चुकला, टोळ आले, आणि १८८८ ते १८९२ या काळातल्या दुष्काळात देशाची सुमारे एक तृतीयांश लोकसंख्या गेली असा अंदाज आहे. तिथले लोक या काळाला आजही ‘वाईट दिवस’ म्हणतात. पुढे केनिया-टांझानियाच्या गवताळ पठारांवर मसाई लोकांचे सर्वस्व गेले. दूध, रक्त, मांस, लग्नातली देणी, दंड, प्रतिष्ठा असे त्यांचे सगळे जगणे गुरांवर उभे होते. गुरांमागोमाग माणसे उपासमारीने आणि देवीने मेली.

१८९६ च्या सुरुवातीला रोगाने झांबेझी नदी ओलांडली. साथ रोखायला तिथल्या ब्रिटिश सत्तेने स्थानिक न्देबेले लोकांची धडधाकट गुरेही गोळ्या घालून मारली. जमीन आणि गुरांचे कळप आधीच हिरावले गेलेले ते लोक त्याच वर्षी बंड करून उठले. केप वसाहतीने शेकडो मैल तारेचे कुंपण घातले, तेही व्यर्थ गेले. बैलगाड्यांवर चालणारी वाहतूक ठप्प झाली. या साथीने आपला मार्ग काही अंशी सोपा केला, असे ब्रिटिश अधिकारी फ्रेडरिक लुगार्ड याने लिहून ठेवले आहे. आफ्रिकेची वाटणी युरोपीय सत्तांनी बंदुकीच्या बळावर केली असे आपण शिकतो; त्या बंदुकीपुढे उभे राहणारे लोक आधीच उपाशी होते, हे त्याच धड्यात शिकवले पाहिजे.

गुरांबरोबर रानम्हशी, जिराफ, विल्डेबीस्ट यांचेही कळप संपले. चरणारे तोंडच न उरल्याने गवताच्या जागी झुडपे माजली. पुढे वन्य प्राणी सावरू लागले तशी या झुडपांत त्से-त्से माशी पसरली आणि माशीबरोबर निद्रारोग आला. माणसांनी सोडलेल्या अशा कित्येक प्रदेशांना पाहून पुढच्या पिढीतल्या युरोपीय लोकांनी ‘अनादि काळापासूनचे अरण्य’ असा शिक्का मारला.

सेरेंगेटीत याची उलट बाजू पाहायला मिळते. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून आसपासच्या पाळीव गुरांना लस दिली गेली. विल्डेबीस्टना कोणी टोचायला गेले नव्हते, तरी त्यांच्यातूनही रोग नाहीसा झाला. म्हणजे रोगाचे मूळ रानात नव्हते, गोठ्यात होते. १९६१ च्या सुमारास अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डेबीस्ट १९७० च्या दशकाअखेर बारा लाखांच्या वर गेले. त्यांनी गवत खाऊन संपवल्याने वणवे कमी झाले आणि झाडे पुन्हा वाढू लागली. वाहिन्यांवर आपण जो अफाट स्थलांतराचा देखावा पाहतो, त्याच्यामागे गुरांना टोचलेली लस आहे.

या लढाईचा एक धागा पुण्यातून जातो. १८८९ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. संसर्गाचे काम भर वस्तीत नको म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८९६-९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बुळकांडीवर काम केले आणि तिथून ते प्लेगच्या अभ्यासासाठी थेट मुंबईला आले. १९२० च्या दशकात मुक्तेश्वरलाच जे. टी. एडवर्ड्स यांनी हा विषाणू शेळ्यांमध्ये पुनःपुन्हा वाढवून त्याचा जोर कमी केला. भारतात कोट्यवधी गुरांना या विषाणूची लस मिळाली. पुढे केनियात वॉल्टर प्लाउराइट यांनी पेशींवर वाढवलेली अधिक सुरक्षित लस तयार केली. १९९० च्या सुमारास शीतपेटीशिवाय महिनाभर टिकणारी लस आली, तेव्हा गुराखी स्वतःच ती पाठीवर टाकून पायी जाऊ लागले. भारतातला शेवटचा उद्रेक १९९५ चा, जगातला शेवटचा ज्ञात रुग्ण २००१ मध्ये केनियात सापडला. २०११ साली बुळकांडी जगातून संपल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने समूळ नष्ट केलेला हा दुसरा आणि आजवरचा शेवटचा रोग.

रोगांचा प्रवास मात्र थांबलेला नाही. लंपी त्वचारोगाची पहिली नोंद १९२९ ची, आजच्या झांबियातली. अनेक दशके तो आफ्रिकेतच होता. २०१९ मध्ये तो ओडिशात सापडला आणि २०२२ मध्ये महाराष्ट्रात जनावरांचे बाजार बंद करावे लागले. लंपी चावणाऱ्या माश्या-डासांमार्फत पसरतो, पण लांबची मजल तो आजारी जनावराच्या वाहतुकीतूनच मारतो. बाजारातून आणलेली गाय कितीही तजेलदार दिसली तरी दोन-तीन आठवडे वेगळी बांधा, लसीकरण चुकवू नका, आणि अंगावर गाठी दिसल्या तर ती विकायचा विचार करण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.