पीसी झोपला, घड्याळ जागं

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०ची नेहमीची देखभाल थांबवली आणि चांगले चालते डेस्कटॉप एका रात्रीत जुने ठरले. विंडोज ११ला हवा तो प्रोसेसर नाही, नवा पीसी घ्यायला खिसा तयार नाही. मग घरातला एखादा भाचा नाहीतर पुतण्या पेनड्राइव्ह घेऊन येतो आणि लिनक्सचं मिंट किंवा उबुंटू टाकून जातो. अशाच एका वाचकानं विचारलंय: ब्राउझर चालतो, प्रिंटर चालतो, मराठी टायपिंगही होतं, पण 'सस्पेंड' दाबलं की पंखे थांबतात आणि दोन सेकंदांत पुन्हा घरघरायला लागतात. कधी नेमकं उलटं. पीसी झोपतो, पण उठवायला गेलं की पंखे फिरतात, दिवे लागतात आणि पडदा काळा तो काळाच. लिनक्सला झोपताच येत नाही का?

येतं की. पण वाचकानं एका पत्रात दोन वेगळी दुखणी सांगितली आहेत. पहिलं सोपं आहे, पाच मिनिटांत हातावेगळं होतं. दुसऱ्याची तऱ्हा वेगळी, आणि खरं सांगायचं तर हा लेख मी त्या दुसऱ्यासाठीच लिहायला घेतला.

आधी झोप म्हणजे काय ते पाहू. डेस्कटॉपच्या जगात तिचं नाव 'एस-थ्री'. प्रोसेसर, डिस्क, ग्राफिक्स कार्ड या सगळ्यांची वीज तोडायची आणि रॅम तेवढी जिवंत ठेवायची. पॉवर सप्लायमधून मदरबोर्डकडे जाणाऱ्या वायरींच्या जुडग्यात एक जांभळी वायर असते. बाकी सगळं बंद असतानाही तिच्यात ५ व्होल्ट असतात. झोपलेल्या पीसीचा संसार या एका वायरीवर चालतो. रॅममधला प्रत्येक बिट हा सतत गळणारा इवलासा विद्युतभार. तो साधारण दर ६४ मिलिसेकंदांत ताजा करावा लागतो. एरवी हे काम प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर करवून घेतो. तो झोपला की रॅमच्या चिपा आपलं आपण निभावतात.

इथवर पोचायचा क्रम मात्र कडक. नाटक कंपनीचा ट्रक भरताना कधी पाहिला असेल तर तो लगेच कळेल: पुढच्या गावी जे आधी लागणार ते शेवटी चढवायचं. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, प्रथम सगळे चालू प्रोग्रॅम गोठवतो. त्यासाठी तो वीस सेकंद वाट पाहतो. एखादा ऐकेचना तर बेतच रद्द. मग यंत्रांची पाळी. आधी माउस, मग तो ज्या हबवर आहे तो हब, मग यूएसबी कंट्रोलर, मग तो ज्या पुलावर बसलाय तो पीसीआय पूल. नंतर प्रोसेसरचे एक सोडून सगळे कोर बंद, आणि उरलेला एकटा कोर एका रजिस्टरमध्ये दोन गोष्टी लिहितो. खटका पडतो. उठताना हेच सगळं उलट्या क्रमानं. मधे एक पेटी दारात अडकली की तिच्यामागचं काहीच उतरत नाही.

उठण्याची पहिली पायरी तर मला फार आवडते. झोपण्यापूर्वी कर्नल एका तक्त्यात पत्ता ठेवून जातो: जाग आली की इथे या. बायॉस किंवा फर्मवेअर त्या पत्त्यावर उडी मारतं, आणि त्या क्षणी तुमचा चौसष्ट बिटांचा, आठ-सोळा कोरांचा प्रोसेसर शुद्ध सोळा बिटांच्या अवस्थेत असतो, म्हणजे १९७८ सालच्या ८०८६च्या थाटात. तिथून तो डोळ्याचं पातं लवायच्या आत चार दशकं चढून वर येतो. रोज सकाळी. आपण मात्र चहा घेईपर्यंत धड बोलतही नाही.

आता वाचकाचं पहिलं दुखणं: झोपताक्षणी जाग. इथे झोप नीट लागलेली असते, कुणीतरी हाक मारलेली असते एवढंच. माउस, कीबोर्ड, लॅन कार्ड, पीसीआयचे पूल अशा अनेकांना पीसी उठवण्याचा परवाना दिलेला असतो, आणि कुणाकुणाकडे तो आहे याची यादी लिनक्स उघड ठेवतो. प्रॉक फोल्डरातल्या एसीपीआय फोल्डरात 'वेकअप' नावाची फाइल असते. ती उघडली की यंत्रांची आखूड, कोड्यात टाकणारी नावं आणि प्रत्येकापुढे 'एनेबल्ड' किंवा 'डिसेबल्ड' दिसतं. बी५५० चिपसेटच्या काही मदरबोर्डांवर 'जीपीपीझीरो' नावाचा पीसीआय पूल हा प्रसिद्ध निद्रानाशी आहे. ते नाव रूटच्या अधिकारानं त्याच फाइलीत लिहिलं की परवाना रद्द होतो. पुन्हा तेच लिहिलं की परत मिळतो, त्यामुळे घाईत दोनदा एंटर मारू नका. पीसी बंद करून चालू केला की यादी पूर्ववत होते, म्हणून हे काम सुरुवातीलाच आपोआप होईल अशी छोटी सिस्टमडी सर्व्हिस लिहून ठेवावी लागते. दोषी पूल नसेल तर संशय माउसवर घ्यावा. डळमळत्या टेबलावरचा ऑप्टिकल माउस केसभर हलला तरी त्याला ती हाकच वाटते. त्यानंतर नंबर लॅन कार्डाचा.

दुसरं दुखणं, झोपून न उठण्याचं. यात खरी पंचाईत अशी की साक्षीदारच उरत नाही. पडदा सुरू झालेला नाही, डिस्क सुरू झालेली नाही, त्यामुळे कर्नलनं शेवटची नोंद करायची तरी कुठे? रॅममध्ये केली तर तुम्ही वैतागून पॉवरचं बटण दाबून धरता आणि ती पुसली जाते. नेहमीचा सल्ला असतो, 'लॉग बघा'. लॉग झोपेच्या दारापर्यंत येऊन गप्प होतो.

निम्मं काम तालमीनं होतं. 'पीएम टेस्ट' नावाच्या फाइलीत पायरीचं नाव लिहिलं की कर्नल तिथवरच जातो, पाच सेकंद थांबतो आणि मागे फिरतो. आधी फक्त प्रोग्रॅम गोठवून पाहा, मग यंत्रं, मग फर्मवेअर, मग प्रोसेसर. ज्या पायरीवरून परत येणं जमत नाही, तिथे घोटाळा. सगळ्या पायऱ्या सुरळीत आणि खऱ्या झोपेतून मात्र जाग नाही, असं झालं तर?

२००६ साली लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी यावर जो तोडगा लिहिला, तो सॉफ्टवेअरच्या इतिहासातल्या सगळ्यात देखण्या जुगाडांपैकी एक आहे, असं माझं ठाम मत. पॉवर बटण दाबून धरलं आणि मग फर्मवेअरची सुरुवातीची झाडलोट झाली, तरी पीसीमध्ये टिकून काय राहतं? घड्याळ. मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या बॅटरीवर चालणारं. त्या घड्याळाच्या चिपमध्ये खास माहिती जपण्यासाठी ११४ बाइटांची जागाही असते, पण नेमकी तीच फर्मवेअर पुसून टाकतं. उरते फक्त तारीख आणि वेळ. मग टोरवाल्ड्स यांनी ठरवलं, नोंद तारखेतच लिहायची.

हिशेब बघा. सेकंद वापरता येत नाहीत, कारण अडकल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंत ते पुढे सरकणारच. मिनिटांवरही पुरता भरवसा नाही, म्हणून तीन-तीन मिनिटांचे वीस कप्पे. तास २४. दिवस २८च, कारण ३० फेब्रुवारी लिहिली तर चिप बिथरेल. महिने १२, वर्षं १००. गुणाकार होतो १,६१,२८,०००. म्हणजे चोवीस बिटांना जरासे कमी. या तुटपुंज्या जागेचे त्यांनी तीन वाटे केले: एक १६ चा मोकळा खूणआकडा, एक ९९७ चा आणि एक १००९ चा. मधल्या आकड्यात कर्नलच्या कुठल्या फाइलीतल्या कुठल्या ओळीवर काम चालू होतं त्याचा हॅश (मजकुरावरून काढलेला आकडा), आणि शेवटच्यात ज्या यंत्राला उठवणं चालू होतं त्याच्या नावाचा. ९९७ आणि १००९ या दोन्ही मूळ संख्या, हजाराच्या अलीकडची आणि पलीकडची. तिन्हींचा गुणाकार १,६०,९५,५६८. मोजून-मापून बसवलंय, वाया फार थोडं गेलंय.

आता ही सोय चालू करून पीसी झोपवला की उठताना प्रत्येक टप्प्यावर कर्नल घड्याळाचे काटे फिरवत राहतो. अडकला की बटण दाबून धरा, तीन मिनिटांच्या आत पुन्हा सुरू करा. कर्नल घड्याळाकडे पाहतो, भलतंच साल वाचतो, त्याचे पुन्हा तीन आकडे करतो आणि ते कुठल्या फाइलीशी आणि कुठल्या यंत्राशी जुळतात ते सुरुवातीच्या संदेशांत छापतो. अर्थात १००९ खणांत दोन यंत्रं एकाच खणात पडू शकतात, तेव्हा पहिल्याच नावावर फाशी देऊ नये. आणि काम झाल्यावर घड्याळ दुरुस्त करायला विसरू नये, नाहीतर चुकीची तारीख पाहून ब्राउझर बँकेची साइट उघडायला नकार देतो. ही सोय आजच्या कर्नलमध्येही आहे, 'पीएम ट्रेस' या नावानं. टोरवाल्ड्स यांनी कोडमधल्या शेऱ्यात स्वतःच या प्रकाराला भयंकर म्हणून ठेवलंय. मला तो विनय वाटतो.

एवढी कसरत मुळात करावी का लागावी? १९९६च्या डिसेंबरात इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे मानक आणलं. त्यामागची कल्पना चांगली होती: प्रत्येक मदरबोर्डनं स्वतःला झोपवण्या-उठवण्याची कृती एका छोट्या सांकेतिक भाषेत लिहून द्यावी, ऑपरेटिंग सिस्टिमनं ती वाचून अमलात आणावी. पण ती कृती लिहिणारा कारखाना ती तपासून बघतो कशावर? विंडोजवर. तिथे चाललं की माल बाजारात. १९९९च्या जानेवारीत बिल गेट्स यांनी सहकाऱ्यांना पाठवलेली एक ईमेल पुढे अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या खटल्यात उघड झाली. मेहनत आपण आणि आपल्या भागीदारांनी करायची आणि लिनक्स फुकटात उत्तम चालणार, हे त्यांना खटकलं होतं. यावर काही करता येईल का, अशी विचारणा त्यात आहे. लिनक्सवाल्यांच्या गप्पांत ही ईमेल ब्रह्मास्त्रासारखी काढली जाते. मला तो पुरावा तोकडा वाटतो. ईमेलमध्ये इच्छा दिसते, अंमलबजावणी नाही. शिवाय कारस्थान करायलाही जेवढी काळजी घ्यावी लागते, तेवढी बहुतेक फर्मवेअर लिहिताना घेतलेली नसते. निष्काळजीपणानं सगळा खुलासा होतो.

याचा कळस म्हणजे एक प्रश्नोत्तर. फर्मवेअर ऑपरेटिंग सिस्टिमला विचारू शकतं, 'तू विंडोजची अमुक आवृत्ती आहेस का?' लिनक्स निर्विकारपणे 'हो' म्हणतो. आणि 'तू लिनक्स आहेस का?' असं विचारलं, तर २००७पासून तो 'नाही' म्हणतो! कारण लिनक्ससाठी म्हणून कारखान्यांनी लिहिलेल्या वाटा कुणी तपासलेल्या नसत, त्यापेक्षा विंडोजची मळलेली वाट बरी.

या साऱ्या कहाणीत टोरवाल्ड्स यांचं नाव पुढे येतं, मीही तेच केलं. पण लिनक्सला झोपायला शिकवलं ते इतरांनी. रॅमऐवजी डिस्कवर झोपण्याचं कोड १९९८पासून गाबोर कुटी आणि चेक प्रोग्रॅमर पावेल माखेक लिहीत होते, तेव्हा याची चेष्टा करणारे जास्त आणि वापरणारे कमी होते. आयरिश मॅथ्यू गॅरेट हा तर शिक्षणानं जनुकशास्त्रज्ञ, फळमाश्यांवर संशोधन केलेला. उठल्यावर काळ्याच राहणाऱ्या पडद्याला पुन्हा सुरू करण्यासाठी ग्राफिक्स कार्डाचं बायॉस नव्यानं चालवणारं 'व्हीबीईटूल' त्यानं लिहिलं. २००९च्या सुमारास पडद्याचं नियंत्रणच कर्नलमध्ये आलं आणि त्या अवजाराची गरज ओसरली. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर मात्र काळा पडदा आजही भेटतो. झोपेत कार्डाच्या स्वतःच्या मेमरीची वीज जाते, म्हणून तिच्यातला मजकूर आधी बाहेर काढून ठेवावा लागतो. त्यासाठी कंपनीच्या ड्रायव्हरसोबत झोपेच्या आणि जागेच्या वेगळ्या सर्व्हिस येतात. त्या चालू आहेत ना, आणि मेमरी जपण्याचा पर्याय ड्रायव्हरला दिलाय ना, एवढं आधी पाहावं. आपल्या वाचकाकडे हे कार्ड असेल तर घड्याळापर्यंत जायची वेळ बहुधा येणार नाही.

जिथे वीज अधूनमधून जाते तिथे एस-थ्रीवर फार विसंबू नये. जांभळी वायर मेली की उघडं ठेवलेलं सगळं गेलं. इन्व्हर्टर किंवा यूपीएस नसेल तर 'हायब्रिड स्लीप' बरी: ती झोपण्यापूर्वी रॅमची नक्कल डिस्कवर उतरवते, वीज टिकली तर रॅममधून उठते, गेली तर डिस्कवरून. त्यासाठी स्वॅपला पुरेशी जागा हवी. आणि सिक्युअर बूट चालू असेल तर अनेक डिस्ट्रो डिस्कवरची झोप बंदच ठेवतात.

दरम्यान एस-थ्रीच निवृत्तीला लागली आहे. २०१२च्या विंडोज ८पासून फोनसारखी अर्धवट झोप आली, तिला पुढे मॉडर्न स्टँडबाय असं भारदस्त नाव मिळालं, आणि बॅगेत तापलेले लॅपटॉप ही तक्रार जगभर सुरू झाली. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत खरी एस-थ्री उरलेलीच नाही, डेस्कटॉपवर ती अजून बऱ्यापैकी तग धरून आहे. तुमच्याकडे कुठली आहे ते 'मेम स्लीप' या फाइलीत दिसतं: 'डीप' कंसात असेल तर जुनी गाढ झोप, 'एस-टू-आयडल' कंसात असेल तर नवी. नव्या झोपेत प्रत्येक यंत्रानं स्वतःहून वीज कमी घ्यायची असते, त्यामुळे एक चुकार एसएसडीसुद्धा रात्रभर सगळ्यांना जागवते, आणि तारखेत लपवलेली खूण इथे फारशी कामाची नाही. त्यासाठी एएमडीमधल्या मारिओ लिमोन्चेल्लो यांनी पायथॉनमध्ये एक स्क्रिप्ट लिहिली आहे. ती आधी सगळी तपासणी करते, पीसी झोपवते, उठवते आणि झोप का लागली नाही ते साध्या वाक्यांत सांगते. चिप विकणाऱ्या कंपनीच्याच माणसानं ती लिहिली, हे १९९६पासूनचा हिशेब मांडला तर बरंच उशिरा झालं.