सहा वर्षांची दाढ

मूल पहिलीच्या वर्गात येते त्याच सुमारास, म्हणजे साधारणतः सहाव्या वर्षी, त्याच्या तोंडात दुधाच्या शेवटच्या दाढांमागे खालीवर मिळून चार नव्या दाढा उगवतात. त्या उगवताना एकही दात पडत नाही. त्यामुळे घरातील माणसांच्या ही गोष्ट ध्यानात येत नाही. पुढे त्या दाढेत खड्डा दिसला, तरी ‘दुधाचीच आहे, पडेल आणि नवी येईल’ असे म्हणून तिकडे दुर्लक्ष होते. ही समजूत घातक आहे. ही दाढ कायमची असून ती गेल्यास तिच्या जागी दुसरी येत नाही.

दाताला ‘कीड लागते’ असे बोलण्याची रूढी आहे. या शब्दामुळे दातात किडा शिरतो असा समज झाला व रिंगणीच्या बियांची धुरी देऊन किडा पाडण्याचे उपाय चालत आले. वस्तुतः दातात असा किडा नसतो. दातांवर साचणाऱ्या चिकट थरात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. बिस्किटे, गोळ्या, गोड चहा यांतील साखर मिळताच ते तिचे आम्ल बनवितात, आणि ते आम्ल दाताच्या कठीण कवचातील खनिजे विरघळविते. लाळ ही झीज भरून काढीत असते. परंतु त्यासाठी तिला अवसर मिळावा लागतो. दिवसभर थोडे थोडे गोड चघळणाऱ्या मुलाच्या दातांना तो मिळत नाही. म्हणून गोड किती खाल्ले याबरोबरच ते किती वेळा खाल्ले, याकडेही लक्ष द्यावे.

किडीची पहिली खूण म्हणजे दातावरील खडूसारखा पांढरा, निस्तेज डाग. या अवस्थेत झीज भरून येऊ शकते. एकदा खड्डा पडला की तो आपोआप भरत नाही. कीड आतल्या मऊ थरात पसरते, मग नस व रक्तवाहिन्या असलेल्या गाभ्यापर्यंत पोचते व रात्रीचा ठणका सुरू होतो. हा ठणका काही दिवसांनी थांबला म्हणजे रोग बरा झाला असे नव्हे. गाभा मृत झाल्यावरही वेदना थांबते आणि मुळाशी पू धरतो.

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत. सकाळी व रात्री निजण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दात घासावेत. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून रात्रीचे घासणे विशेष महत्त्वाचे. तीन वर्षांखालील बालकास तांदळाच्या दाण्याएवढी, तर तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. ती गिळू न देता थुंकून टाकावयास शिकवावे. मिश्री मात्र कोणीही लावू नये. ती तंबाखूच होय. यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक असते व त्यामुळे दातांवर पांढरे वा तपकिरी डाग पडतात. ते डाग म्हणजे कीड नव्हे. अशा गावी टूथपेस्टबाबत दंतवैद्याचा सल्ला घ्यावा.

कीड लागलीच, तर लवकर केलेला उपचार सोपा असतो. नव्या दाढेच्या खोल खाचांवर दंतवैद्य संरक्षक लेप चढवितात. लहान खड्डा साफ करून सिमेंटने भरता येतो. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे द्रव्य लावूनही कीड पुष्कळदा थांबविता येते. किडलेला भाग त्याने काळा पडतो, एवढेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली त्याचा समावेश आवश्यक औषधांच्या यादीत केला. गाभ्यापर्यंत कीड पोचल्यास मुळातील नळ्या साफ करून भराव्या लागतात, आणि तेही शक्य नसल्यास दाढ काढावी लागते.

शिक्षकाने स्वतः औषधोपचार करू नये. त्याचे काम पाहण्याचे व सांगण्याचे आहे. मध्यान्ह भोजनाच्या वेळी एकाच बाजूने चावणारे, गालाला हात लावून बसणारे, वरचेवर गैरहजर राहणारे मूल त्याच्याच नजरेस प्रथम पडते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीस येते, तेव्हा अशा मुलांची नावे पुढे करावीत व पालकांना बोलावून ‘ही दाढ दुधाची नव्हे’ हे प्रत्यक्ष दाखवावे. गालावर सूज, ताप, गिळण्यास वा तोंड उघडण्यास त्रास, यांपैकी काही दिसल्यास पथकाची वाट न पाहता मुलास त्याच दिवशी रुग्णालयात न्यावयास सांगावे.

पहिलीत उगवलेली ही दाढ त्या मुलास आयुष्यभर घास चावून देणार असते. ती वाचवावयाची वेळ शाळेच्या पहिल्या काही वर्षांतच असते, आणि त्या वर्षांत मूल शिक्षकाच्या डोळ्यांसमोर असते.